दत्ताचा होकार

"दत्ता, खरं सांग! तू केलंस का?"

तुळजाक्कांनी हे विचारलं तेव्हा कढईत चकल्यांचा घाणा फुलत होता, हातात झारा होता, आणि उंबऱ्यावर दोन पोलीस उभे होते... भर सकाळी, साऱ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत! बंगळूरच्या चामराजपेटेतल्या त्या गल्लीत गेल्या चाळीस वर्षांत तुळजाक्कांच्या दारात येऊन मोठ्यानं बोलायची कोणाची छाती झाली नव्हती. यजमान खंडोजीराव गेल्यापासून तर त्यांनी सोऱ्यावर आणि जिभेवर घर पेललं होतं. शाळा दुसरीपर्यंतची, पण भाजणीचा गुण आणि माणसाचा गुण, दोन्ही त्या चिमटीत धरून सांगत. शेजारच्या कानडी बायका म्हणत, अक्कांच्या चकलीला जेवढे काटे, त्याच्या दुप्पट बोलण्याला!

पोलिसांचं म्हणणं असं होतं, की तीन आठवड्यांपूर्वी मंगळवारी दुपारी एचएसआर लेआउट या वस्तीत कोणी तरी एका बाईच्या गळ्यातली साखळी हिसकावली, तिला ढकलून दिलं, बिचारीचं मनगट मोडलं. चोर उंच होता, काळाकुट्ट होता, कुरळ्या केसांचा होता. आणि अक्कांचा नातू दत्ता उंच होता, काळाकुट्ट होता, डोक्यावर कुरळ्या केसांचे खुंट होते, आणि दर मंगळवारी चकल्यांच्या पिशव्या घेऊन त्याच भागात जात होता. झालं! आणखी काय हवं होतं?

दत्ताचं वय सव्वीस. पण ते हाडामांसाचं. मनानं तो सहा-सात वर्षांच्या पुढे कधी सरकलाच नाही. दोन बसचे नंबर आणि गिऱ्हाइकांची सतरा दारं त्याला पाठ होती, पण पाचातून दोन गेले तर किती उरले, हे विचारलं की तो नुसता हसायचा. आता मात्र तो हसला नाही. आजीचा आवाज चढला तसे त्यानं पिठानं माखलेले हात पाठीमागे लपवले, मान खाली घातली आणि जड जिभेनं म्हणाला,

"होय, मीच."

"काय घेतलंस?" पोलिसानं विचारलं.

"साखळी."

"बाईला ढकललंस?"

"ढकललं. मीच." मग आजीकडे बघून त्यानं हळूच विचारलं, "झालं? आता हात धुऊ?"

अक्कांच्या काळजात कट्यार शिरल्यासारखं झालं... पण मान ताठ ती ताठच! गल्ली बघत होती ना!

"ऐकलंत?" त्या पोलिसांना म्हणाल्या. "तुळजाक्काच्या घरात एक वेळ चोर निपजेल, पण खोटारडा नाही. न्या त्याला!"

एवढं बोलून त्या कढईकडे वळल्या. पाठीमागे जीपचं दार धाडकन लागलं, "आजी, हात धुतले नाहीत..." असा एक केविलवाणा आवाज आला, गेला... आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा तुळजाक्कांचा अख्खा घाणा करपून कोळसा झाला.

गल्लीत नवे भाडेकरू आले की दत्ताला बघून विचारत, "हा आफ्रिकेचा का हो?" आफ्रिका कसली! त्याचा बाप हरी, यल्लापूरकडच्या रानातला सिद्दी. सिद्दी म्हणजे कोणे एके काळी समुद्रापलीकडून धरून आणलेल्या माणसांचे वंशज. शेकडो वर्षं झाली, त्यांनी इथलीच माती कसली, इथलेच देव पुजले, घरात कोकणी-मराठी बोलले. पण कातडी आणि केस बघून लोकांनी त्यांना परकं ते परकंच ठेवलं. हरी पळण्यात हरणासारखा, म्हणून शाळकरी वयातच सरकारी योजनेतून बंगळूरच्या मैदानावर आला. आणि त्याच मैदानावर अक्कांची एकुलती एक लेक नीला धावायला जायची. पुढचं सांगायला नकोच! नीलानं घर सोडलं, हरीचा हात धरला, यल्लापूरला संसार मांडला, आणि दत्ता चार वर्षांचा असताना तापानं, दवाखान्याच्या वाटेवरच प्राण सोडला...

तेव्हा अक्का तिथे गेल्या होत्या. रडल्या नाहीत. हरीच्या कडेवरचं पोर ओढून घेत एवढंच म्हणाल्या, "माझी लेक तुझ्या रानानं गिळली. हे लेकरू मी गिळू देणार नाही!" आणि हरीनं, त्या भल्या माणसानं, दिलं. शहरात डॉक्टर आहेत, अशा मुलांच्या शाळा आहेत, पोराचं भलं होईल, म्हणून काळजाचा तुकडा तोडून दिला! वर्षातून एकदा तो लेकाला भेटायला येई. अक्का त्याला अंगणातच उभा ठेवत. चहाचा पेला बाहेर जाई, पेला बाहेरच विसळला जाई. बावीस वर्षांत हरीनं ते घर आतून पाहिलं नव्हतं.

दत्तावर मात्र अक्कांचा जीव! तो तापला तर त्या तीन-तीन दिवस अन्नाला शिवत नसत. पण जीव असला तरी लाजही होतीच, आणि ही गोष्ट त्यांनी देवापुढेसुद्धा कधी उच्चारली नव्हती. महिन्याच्या पहिल्या रविवारी न्हाव्याला घरी बोलावून त्या दत्ताचं डोकं तासून घेत, पार गुळगुळीत. गल्लीला सांगत, उवा होतात!

पोलिसांनी दत्ताला नेल्याच्या तिसऱ्या दिवशी राजाजीनगरहून त्यांचा मुलगा रत्नाकर आला. सरकारी कारखान्यात साहेब होता, हाताखाली माणसं होती, अब्रूला जपून असायचा.

"अक्का, त्यानं कबूल केलंच आहे ना, मग कोर्टातही करू दे. शिक्षा कमी होते म्हणे. गाजावाजा तरी होणार नाही. वकिलाच्या भानगडीत कशाला पडायचं?"

अक्का सोऱ्या पुसत राहिल्या. त्या तीन दिवसांत त्यांच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

त्याच वेळी दारात एक जीन्स घातलेली पोरगी येऊन उभी राहिली. "आजी, मी मैत्रेयी. एचएसआरला राहते, तुमची कस्टमर. या मंगळवारी दत्ता आलाच नाही... बरा आहे ना तो?"

पुण्याची पोरगी, बंगळुरात येऊन तीन वर्षं झालेली, आणि देवाची करणी बघा, निघाली वकील! सगळं ऐकून ती मटकन पाटावरच बसली.

"दत्ता? आमच्या कुत्र्याला 'अहो' म्हणणारा दत्ता? आजी, इम्पॉसिबल! बरं, त्याच्या समजेबद्दलचं सरकारी सर्टिफिकेट आहे का?"

"कसलं? वेडाचं? माझा नातू वेडा नाही!"

"वेडा नाहीच. पण त्याची समज लहान मुलाची आहे, हे कागदावर असतं तर पोलिसांना तिथेच थांबवता आलं असतं."

"घराण्यावर शिक्का मारून घेऊ का मग?" अक्का फणकारल्या, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

मैत्रेयीनं तो विषय सोडला. "पोलिसांसमोरची कबुली कायद्यात टिकत नाही, त्याची मला भीती नाही. भीती वेगळीच आहे. आजी, घरात काही फुटलं-सांडलं तर तुम्ही काय करता?"

"विचारते, कोणी केलं? बाकीची माकडं दडून बसतात. दत्ता तेवढा पुढे येऊन 'मीच' म्हणतो. कबूल करणाऱ्यावर मी कधी हात उचलला नाही, उलट पाठीवरून फिरवला. या घरचा नियमच आहे तो!"

"दर वेळी दत्ताच?"

"दत्ताच. धांदरट आहे."

"दर वेळी, आजी? एकदाही दुसरं कोणी नाही?"

अक्का उत्तर द्यायला गेल्या आणि त्यांना आठवलं... गेल्या दिवाळीच्या तोंडावर भाजणी दळायच्या यंत्राची मोटर जळाली होती. दत्ता तेव्हा चार दिवस इस्पितळात होता, डेंग्यूनं. तो घरी आला, रिक्षातून उतरतो न उतरतो तोच अक्का संतापात ओरडल्या होत्या, "मोटर कोणी जाळली?" आणि रिक्षाला धरून, लटपटत्या पायांवर उभं राहून ते पोर म्हणालं होतं, "होय, मीच!" सगळे हसले होते. अक्कासुद्धा पोट धरून हसल्या होत्या!

तेवढ्यात कोपऱ्यातून रत्नाकरचा आवाज आला, ओला झालेला.

"अक्का... बाबांचं ते भिंतीवरचं घड्याळ. ते मी पाडलं होतं. तू ओरडलीस आणि दत्ता 'मीच' म्हणाला... मी गप्प बसलो."

"तेव्हा तू केवढा होतास रे?"

"एकतीस."

"एकतीस!" अक्का कडाडल्या. "एकतीस वर्षांचा घोडा सात वर्षांच्या लेकराआड लपलास? मिशी होती ना रे तुला तेव्हा?"

आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचा तो करारी चेहरा मेणासारखा वितळला. दोन्ही हातांनी कपाळ बडवत त्या म्हणाल्या, "तुला काय बोलू, रत्ना! ओरडणं थांबावं, पाठीवर हात फिरावा, म्हणून ते लेकरू हो म्हणत राहिलं... आणि मी समजत राहिले, किती खरं बोलतं! पोलिसांनी नाही गं पोरी, मी शिकवलं त्याला गुन्हा कबूल करायला! त्या दिवशीही त्यांनी विचारायच्या आधी मीच विचारलं... मीच!"

मैत्रेयीनं त्यांचे हात धरले. "आजी, आता रडायचं नाही. आता कोर्टात जज साहेब विचारतील तेव्हा तो काय म्हणेल, ते बघायचं."

त्या दुपारी तुळजाक्कांनी बावीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. रत्नाकरला नंबर फिरवायला लावला, फोन कानाला धरला आणि एका दमात म्हणाल्या, "हरी, तुझा लेक तुरुंगात आहे. चूक माझी आहे. ये."

पलीकडून हरी म्हणाला, "अक्का, तुम्ही जेवलात काय?"

बस्स, एवढंच! शिव्या दिल्या असत्या तर अक्कांनी झेलल्या असत्या. हे मात्र झेपेना. फोन रत्नाकरच्या हातात कोंबून त्या न्हाणीघरात गेल्या आणि नळ मोठा सोडला...

जामीन दोनदा फेटाळला गेला. दीड महिन्यानं पहिली तारीख लागली. दत्ताला आणलं तेव्हा अक्कांनी त्याला ओळखलंच नाही. डोक्यावर दाट, काळ्याभोर, गच्च कुरळ्या केसांचं रान माजलं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या नातवाचे वाढलेले केस बघत होत्या... आणि मागच्या बाकावर तसेच केस, आता करडे झालेले, खाली घालून हरी बसला होता.

न्यायाधीश साहेबांनी आरोप वाचून दाखवले आणि कानडीत शांतपणे विचारलं, "हे तू केलंस का? गुन्हा कबूल आहे का?"

मैत्रेयी उठते न उठते तोच दत्ता बोलून मोकळा झाला. "होय, मीच."

"साहेब, माझा आक्षेप आहे..." मैत्रेयी म्हणू लागली, पण तिचा आवाज कुठल्या कुठे बुडाला. कारण मागून एक नऊवारी लुगडं ताडकन उभं राहिलं होतं!

"लिहू नका! साहेब, ते लिहू नका! त्याला विचारा, लंका कोणी जाळली? तो म्हणेल मीच! माझ्या लेकराला 'नाही' म्हणता येत नाही हो... मी शिकवलंच नाही!"

शिपाई धावला. पण न्यायाधीशांनी हात वर केला. वयस्कर माणूस होते, केस सरकारी कामात पिकलेले. त्यांनी अक्कांना खाली बसायला सांगितलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दत्ताकडे वळले.

"बाळ, हा वरचा पंखा बंद पडलाय. कोणी बिघडवला?"

"मीच."

कोर्टात खसखस पिकली.

"गेल्या वर्षी मी जिन्यावरून पडलो. माझा पाय मोडला. मला कोणी पाडलं?"

दत्तानं साहेबांच्या पायाकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले. "मीच पाडलं. खूप दुखलं काय? चूक झाली साहेब... आता घरी जाऊ?"

आता मात्र कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी चष्मा पुन्हा लावला आणि ते म्हणाले, "याला सरकारी इस्पितळात तपासून घ्या. जामीन मंजूर. आणि यापुढे या मुलाला कोणी काही विचारायचं नाही. विचारायचं ते याला वाढवणाऱ्यांना विचारा."

पुढच्या तारखेपर्यंत इस्पितळाचा कागद आला, अक्कांनी तो स्वतः सही करून घेतला, आणि मैत्रेयीनं दोन गोष्टी शोधून काढल्या. एक, साखळी गेलेल्या श्वेताबाईंचा पोलिसांनी घेतलेला जबाब: 'चोराच्या डोक्यावर भरगच्च कुरळे केस होते.' दुसरी, मैत्रेयीच्या सोसायटीतल्या प्रांजलीनं त्याच मंगळवारी अकरा वाजता ग्रुपवर टाकलेला फोटो: 'चकली आली, खाली या!' फोटोत दत्ता दात काढून हसत होता, हातात पिशव्या होत्या आणि डोकं नुकतंच घासलेल्या तांब्यासारखं लखलखत होतं! चोरी साडेबाराची. दीड तासात कोणाला कुरळे केस उगवतात?

श्वेताबाई पिंजऱ्यात आल्या. नागपूरकडच्या, तिशीच्या, हाताला अजून पट्टी. मैत्रेयीनं विचारलं, "पोलिसांनी तुम्हाला ओळखायला किती माणसं दाखवली?"

"एकच. हा एकटाच स्टुलावर बसला होता. म्हणाले, हाच ना? यानं कबूल केलंय." त्यांनी दत्ताकडे नीट, बहुधा पहिल्यांदाच, बघितलं. "खरं सांगू? मला रंग आठवत होता. केस आठवत होते. चेहरा... चेहरा मी बघितलाच नव्हता. मी म्हटलं होतं, 'असाच होता.' त्यांनी लिहिलं, 'हाच होता.'"

सरकारी वकील काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्यानं अक्कांना पिंजऱ्यात बोलावलं.

"अज्जी, फोटो कोणाचाही, कधीचाही असू शकतो. तरण्याताठ्या मुलाचं डोकं मुळात तासलेलं का? ओळख लपवायला?"

"माझा नातू आहे तो, फोटोतला. दर महिन्याला डोकं करतो. न्हाव्याला विचारा."

"दर महिन्याला? कशासाठी? नवस होता का देवाचा?"

नवस! केवढा सोपा शब्द हातात आणून दिला होता त्या वकिलानं! 'हो' म्हटलं की संपलं. देवाच्या नावावर सगळं खपतं, अब्रूही राहते, गल्लीही मान डोलावते... अक्कांची नजर उठली आणि मागच्या बाकावर गेली. हरी त्यांच्याकडे बघत होता. बावीस वर्षं अंगणात उभा राहून चहा पिणारा तो माणूस... त्याच्यादेखत ते बोलायचं? त्यापेक्षा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं! पण सगळ्या जन्माचा होकार त्या लेकराच्या गळ्यात बांधणाऱ्या बाईनं आज स्वतःच एक खोटा होकार द्यायचा?

"नाही," अक्का म्हणाल्या. "नवस नव्हता."

"मग?"

"लाज होती."

"कसली लाज?"

"त्या केसांची." त्यांची मान खाली गेली नाही. "माझी लेक सिद्दी माणसाबरोबर गेली, हे ते केस बघून सगळ्यांना कळायचं. रंग काही मला खरवडता येईना, म्हणून केस तासत होते. तुमच्या पोलिसांनी जे केलं ना साहेब, तेच मी घरात बावीस वर्षं केलं. त्यांनी रंग बघून त्याला चोर ठरवलं, मी रंग बघून त्याच्या बापाला अंगणात उभं केलं. देवमाणूस आहे तो. तिथं बसलाय. त्याच्या घराण्याचे केस आहेत ते, आणि छान आहेत... बघा की सगळ्यांनी, किती छान आहेत!"

आणि मग ती पोलादी बाई सगळ्या कोर्टासमोर पदराचा बोळा तोंडात धरून ढसाढसा रडली. मागच्या बाकावर हरीनं दोन्ही तळव्यांत तोंड लपवलं होतं; त्याचे रुंद खांदे हलत होते. दत्ताला काहीच उमगलं नाही. पण आजी रडते आहे म्हटल्यावर तो जागेवरून उठला, पिंजऱ्यापाशी आला आणि लाकडी कठड्यावरून हात घालून तिच्या पाठीवरून फिरवू लागला. कोणीही त्याला अडवलं नाही.

निकाल दुपारी लागला. न्यायाधीशांनी वाचलं, की एकाच काळ्या माणसाला समोर बसवून 'हाच ना?' विचारणं ही ओळख नव्हे. आणि ज्याला 'नाही' म्हणताच येत नाही त्याचं 'हो' ही कबुली नव्हे. दत्ताला सोडून दिलं!

बाहेर व्हरांड्यात श्वेताबाई अक्कांपुढे आल्या. "आजी, सॉरी..."

"तू कशाला सॉरी, बाई? साखळी तुझी गेली, मनगट तुझं मोडलं." अक्कांना आता आवाज सापडला होता. "पण पुढच्या खेपेला चेहरा बघ हं. चेहरा देवानं त्यासाठीच दिलेला असतो."

रत्नाकर मोटार आणतो म्हणाला, अक्का म्हणाल्या, "तू मैत्रेयीला सोड. आम्ही येतो." मग पायऱ्यांवर त्या हरीसमोर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्याच्याशी समोरासमोर बोलायची सवयच राहिली नव्हती.

"हरी, मी तुझं पोर बावीस वर्षं अडवून ठेवलं. आता तू ने. माझा हक्क संपला."

हरीनं मान हलवली. "ओढाओढ एकदा झाली, अक्का. परत नको. त्यालाच विचारूया."

"दत्ता, बाबांबरोबर यल्लापूरला जातोस?" अक्कांनी विचारलं.

"हो."

"आजीबरोबर घरी येतोस?" हरीनं विचारलं.

"हो!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि एकदम हसू लागले... डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि हसू आवरत नव्हतं! "अरे देवा," अक्का डोळे पुसत म्हणाल्या, "या पोराला विचारण्यात अर्थ नाही. नुसतं बघत राहावं!"

म्हणून दोघं बघत राहिले. दत्तानं थोडा वेळ वाट पाहिली, मग हरीची पिशवी उचलून खांद्यावर अडकवली, दुसऱ्या हातानं आजीचं मनगट धरलं आणि तो चालू लागला... पाठ असलेल्या बसच्या थांब्याकडे, चामराजपेटेच्या बाजूला. बाप मागोमाग येतो आहे की नाही, हे त्यानं तीनदा वळून पाहिलं.

बस आली. पुढची बायकांची जागा रिकामी होती. अक्का तिथे बसल्या नाहीत. दत्ता सरळ मागच्या लांब बाकावर गेला, त्याच्यामागून त्याही गेल्या. हरी दांडीला धरून उभाच राहिला, सवयीनं, हातभर अंतर ठेवून.

"उभा का? बस की!" अक्का खेकसल्या आणि स्वतः सरकून जागा केली. "घरी गेल्यावर पाय दुखतात म्हणशील. आत पाटावर मांडी घालून जेवायचंय आज. पुरण शिजवून ठेवलंय."

हरी बसला. खांद्याला खांदा लागला.

कंडक्टर आला. अक्कांना बायकांचं फुकटचं तिकीट फाडून देताना त्यानं त्या दोघा काळ्या, उंच माणसांकडे बघितलं, मग नऊवारीतल्या गोऱ्या म्हातारीकडे बघितलं, आणि जरा संशयानंच विचारलं, "अज्जी, इवरु यारु? कोण हे?"

बसमधल्या दहा-बारा माना वळल्या. तुळजाक्कांनी पदर सावरला, ताठ बसल्या आणि ड्रायव्हरपर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"हा माझा जावई. आणि हा माझा नातू. दोन चामराजपेट दे!"